वाचकांचे प्रश्न : पाव किलोची बढती

मागील अंकात एका वाचकाला उत्तर देताना, बारबेलवरचे (दोन्ही टोकांना गोल प्लेट लावायच्या लोखंडी दांड्यावरचे) वजन झेपेल तितक्याच लहान टप्प्यांनी वाढवावे, असे या सदरात लिहिले होते. त्यावर मराठवाड्यातून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच अडचणीकडे आहे. टप्पा लहान ठेवायचा हे मान्य, पण लहान वजन आणायचे कोठून? तालुक्याच्या गावातील व्यायामशाळेत अडीच किलोहून लहान प्लेट सहसा पाहायला मिळत नाही, आणि बाहेरून मागवायची म्हटले तर वजनापेक्षा किंमतच जड पडते. म्हणून या वेळी संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून वाचकांच्या नावांऐवजी फक्त गावांची नावे दिली आहेत.

प्रश्न (सेलू, जि. परभणी) : शोल्डर प्रेसमध्ये (बार खांद्यापासून डोक्यावर उचलण्यात) ३५ किलोवर माझे पाच-पाच रेप्सचे (म्हणजे सलग पाच वेळा उचलण्याचे) तीन सेट व्यवस्थित होतात. ४० किलो लावले की दुसऱ्याच रेपला हात अडतात. आमच्याकडे सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची आहे. व्यायामशाळेतले सर म्हणतात, ‘जोर लाव, होऊन जाईल.’ चार महिने जोर लावतो आहे. तयार छोट्या प्लेट परवडत नाहीत. घरच्या घरी काही करता येईल का?

उत्तर : आपल्या सरांचा सल्ला स्क्वॉटसाठी, म्हणजे बार खांद्यावर घेऊन मारायच्या बैठकांसाठी, एक वेळ चालला असता. शोल्डर प्रेससाठी तो चालत नाही, याचे कारण साध्या टक्केवारीत आहे. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच किलो लावले की एकूण पाच किलो वाढतात. शंभर किलोच्या स्क्वॉटवर ही वाढ पाच टक्क्यांची असते, आणि ती मांड्या व नितंब या शरीरातील सर्वांत मोठ्या स्नायूंवर विभागली जाते. आपल्या ३५ किलोंवर मात्र तीच वाढ चौदा टक्क्यांच्या वर जाते, आणि ती खांद्याच्या व दंडामागच्या लहान स्नायूंना पेलावी लागते. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनात, ठरवलेल्या रेप्सपेक्षा एक-दोन रेप्स जास्त निघू लागल्या की वजन दोन ते दहा टक्क्यांनी वाढवावे, असे सुचवले आहे. आपल्या बाबतीत दोन टक्के म्हणजे ७०० ग्रॅम आणि दहा टक्के म्हणजे साडेतीन किलो. व्यायामशाळेतील सर्वांत लहान उडी या संपूर्ण पट्ट्याच्या बाहेर पडते, तेव्हा चार महिने अडकून राहण्यात आपल्या जिद्दीचा काही दोष नाही.

आपल्याला हवी आहे ती एकूण अर्ध्या किलोची, म्हणजे प्रत्येक बाजूला पाव किलोची वाढ. ती घरी तयार करण्याच्या ज्या युक्त्या लोक वापरतात, त्यांपैकी मला सर्वांत पटलेली युक्ती बांधकामाच्या गजाची आहे. गजाचा गुण असा की त्याचे वजन लांबीवरून आधीच काढता येते. व्यासाचा मिलिमीटरमधला आकडा त्याच आकड्याने गुणावा आणि १६२ ने भागावा, म्हणजे एक मीटर गजाचे वजन किलोमध्ये मिळते. हा हिशेब साइटवरच्या कोणत्याही फिटरला तोंडपाठ असतो. १२ मिलिमीटरचा, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेतला चार सुती गज मीटरला सुमारे ८८९ ग्रॅम भरतो, म्हणून पाव किलोला २८ सेंटिमीटर लांबीचा तुकडा लागतो. १६ मिलिमीटरचा पाच सुती गज मीटरला १ किलो ५८० ग्रॅम भरतो, त्यामुळे अर्ध्या किलोला साडेएकतीस सेंटिमीटर पुरतात.

हे तुकडे सरळ ठेवून बारला बांधण्याच्या भानगडीत पडू नये. त्यांच्या कड्या करून घ्याव्यात. चार सुती तुकडा अडीच इंची लोखंडी पाइपभोवती वाकवला, तर या पाइपचा बाहेरचा व्यास ७६ मिलिमीटर असल्याने गजाची दोन तोंडे जवळजवळ एकमेकांना भिडतात. पाच सुती तुकड्यासाठी तीन इंची पाइप घ्यावा. त्यात तोंडांमध्ये दीडएक सेंटिमीटरची फट राहते, पण ती राहिली तरी बिघडत नाही, कारण तेवढ्या फटीतून कडी बारवरून निसटू शकत नाही. दोन्ही कड्या ५० मिलिमीटर टोकाच्या ऑलिंपिक बारवरही जातात आणि साध्या २८ मिलिमीटरच्या रॉडवरही जातात. गज थंडच वाकवायचा असतो, तापवण्याची गरज नाही. कॉलमच्या रिंगा वाकवणारे फिटर हे काम दुपारच्या सुट्टीत करून देतात, आणि साइटवर उरलेले तुकडे बहुधा भंगाराच्याच वाटेवर असतात.

आता किती कड्या कराव्यात, ते पाहू. प्रत्येक बाजूसाठी पाव किलोची एक आणि अर्ध्या किलोच्या चार, अशा दोन्ही बाजू मिळून दहा कड्या केल्या, तर शून्यापासून साडेचार किलोपर्यंतची प्रत्येक अर्ध्या किलोची पायरी हाताशी येते. त्यापुढची पायरी पाच किलोची, आणि तिच्यासाठी आपल्या व्यायामशाळेतील अडीच किलोची जोडी आहेच. दहा कड्यांना मिळून साडेचार किलो लोखंड लागते, त्यामुळे जो काही खर्च येईल तो लोखंडाचा कमी आणि कापण्या-वाकवण्याच्या मजुरीचा जास्त असेल. हातात पैसे नसतील तर सुरुवातीला पाव किलोच्या दोन आणि अर्ध्या किलोच्या दोन इतक्याच कड्या करून पाहाव्यात.

एक गोष्ट मात्र टाळू नये. सूत्रावरून कापलेला गज सूत्राइतकाच भरेल, अशी खात्री नसते. भारतीय मानकानुसार १० मिलिमीटरहून जाड आणि १६ मिलिमीटरपर्यंतच्या गजाच्या वजनात पाच टक्क्यांपर्यंत फरक चालतो, म्हणजे पाव किलोची कडी साडेबारा ग्रॅम इकडे किंवा तिकडे असू शकते. म्हणून तुकडा सेंटिमीटरभर लांबच कापून घ्यावा, किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवावा आणि जास्तीचे वजन ग्राइंडरने टोकाकडून उतरवावे. टोके गोल घासली गेली पाहिजेत, नाहीतर प्लेट बदलताना हाताला चिरा पडतात. शेवटी रेड ऑक्साइडचा एक हात द्यावा, कारण पावसाळ्यात उघड्या गजाला आठवड्यातच तांब चढतो आणि तो कपड्यांना लागतो.

कडी नेहमी प्लेटच्या बाहेर आणि लॉकच्या, म्हणजे प्लेट निसटू नये म्हणून बारला लावायच्या पकडीच्या, आत असावी. लॉकच्या बाहेर लोंबणारी कडी प्रेस करताना वाजते, झुलते आणि कधीतरी पायावर येते.

प्रश्न (अंबाजोगाई, जि. बीड) : मी घरीच व्यायाम करते. माझ्याकडे सात किलोचा रॉड आणि प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या दोन-दोन किलोच्या प्लेट आहेत. गज कापणे, वेल्डिंग वगैरे माझ्याच्याने होणार नाही. त्याशिवाय काही उपाय आहे का? शेतातली माती पिशवीत भरली तर चालेल का?

उत्तर : ताई, आपल्याला लहान वजनांची गरज सेलूच्या वाचकांपेक्षाही जास्त आहे. सात किलोच्या रॉडला दोन-दोन किलोच्या प्लेट लावून ११ किलोंवर आलेल्या व्यक्तीला पुढची उडी १५ किलोंची घ्यावी लागते. ही छत्तीस टक्के वाढ कोणालाही एकदम जमणार नाही.

गजाशिवायचा उपाय म्हणजे सायकलची जुनी ट्यूब आणि वाळू. पंक्चरच्या दुकानात टाकून दिलेल्या ट्यूब हव्या तितक्या मिळतात. ट्यूबचा हातभर लांबीचा, वाल्व्ह नसलेला तुकडा कापून तो साबणाने धुवावा आणि पूर्ण सुकू द्यावा, कारण आतल्या पांढऱ्या पावडरीला वाळू चिकटून बसते. एक टोक चार बोटे दुमडून त्यावर बांधकामाची बाइंडिंग तार दोन-तीन फेरे घट्ट पिळावी आणि तारेचे टोक आत वळवून वर चिकटपट्टी गुंडाळावी. वाळू बारीक चाळणीने चाळून, कढईत भाजून किंवा दोन दिवस कडक उन्हात पसरून कोरडी करावी. वर्तमानपत्राचे नरसाळे ट्यूबच्या तोंडात धरून ती भरावी, आणि मधून मधून ट्यूब जमिनीवर ठोकत राहावे, म्हणजे वाळू खाली बसते. काट्यावर तार आणि पट्टीसह पाव किलो दाखवले की दुसरे टोकही तसेच दुमडून बांधावे. असा वाळूचा साप रॉडभोवती गुंडाळून दोन्ही टोके सुतळीने बांधली की तो प्लेटला टेकून निमूट बसतो.

मातीचा विचार मात्र सोडून द्यावा. आपल्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. जमिनीला भेगा पडतात त्या याच गुणामुळे. मे महिन्यात पाव किलो भरलेली पिशवी ऑगस्टमध्ये पाव किलोच राहील, असे सांगता येत नाही, आणि ज्या वजनाचा उपयोगच बारीक फरक मोजण्यासाठी आहे, ते वजन स्वतःच बदलत असेल तर त्याचा काय उपयोग? मीठही याच कारणाने बाद होते. ज्वारी-तांदळाच्या पुरचुंड्या अनेक घरांत वापरल्या जातात, त्यांना पोरकिडे लागेपर्यंत हरकत नाही. काही जण गुरांची साखळी रॉडला अडकवतात. ती झुलते, आणि जमिनीला टेकत असेल तर रॉड जसजसा वर जातो तसतसे वजन वाढत जाते. हा व्यायामाचा एक वेगळाच प्रकार आहे, पण आपल्याला हवा तो नव्हे.

शिवाय खेळाच्या साहित्याच्या दुकानात पायाला बांधायचे अर्ध्या किलोचे वाळूचे पट्टे जोडीने मिळतात. ते रॉडला गुंडाळून चिकटवता येतात, आणि खटपट नको असलेल्यांसाठी तेच सोपे.

प्रश्न (जालना) : आमच्याकडे सळईचे कारखाने आहेत आणि ओळखीचा लेथवाला आहे. कड्यांऐवजी लोखंडी पत्र्याच्या गोल प्लेटच करून घ्यायच्या असतील तर माप काय द्यावे?

उत्तर : लेथ हाताशी असेल तर आपण नशीबवान आहात, कारण प्लेट कडीपेक्षा नेटकी बसते. ५० मिलिमीटर टोकाच्या बारसाठी मधले भोक ५२ मिलिमीटरचे आणि बाहेरचा व्यास १०४ मिलिमीटरचा ठेवावा. ५ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून कापलेली अशी प्लेट २५० ग्रॅम भरते, आणि १० मिलिमीटर जाडीतून कापलेली ५०० ग्रॅम. म्हणजे एकाच मापात दोन जाड्यांचा पत्रा वापरला की काम भागते. साध्या रॉडसाठी भोक ३२ मिलिमीटरचे घेतल्यास बाहेरचा व्यास ९६ मिलिमीटरपर्यंत आणावा. ५ मिलिमीटर जाडीत ती अडीचशे ग्रॅमपेक्षा दोन-तीन ग्रॅमच जास्त भरेल. हा हिशेब पोलादाचे वजन घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम धरून केलेला आहे. वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीत लेझर कटिंग करणाऱ्यांकडे ही चार मापांची आकृती दिली तरी ते कापून देतात. फक्त चार-आठ तुकड्यांच्या कामाला मोठे कारखाने हात लावत नाहीत, त्यामुळे लहान वर्कशॉपच गाठावे. कड्या-प्लेट हाताला गुळगुळीत लागेपर्यंत कानस फिरवून घ्यावी.

प्रश्न (वसमत, जि. हिंगोली) : माझ्याकडे अर्ध्या किलोचे एकच चकतीसारखे वजन आहे. ते एका सेटला उजवीकडे आणि दुसऱ्या सेटला डावीकडे लावले तर चालेल ना? अर्ध्या किलोने असा कितीसा फरक पडणार?

उत्तर : वाटतो त्यापेक्षा बराच पडतो. ऑलिंपिक बार २ मीटर २० सेंटिमीटर लांब असतो आणि प्लेट बसते ती मध्यापासून सुमारे ८० सेंटिमीटरवर. प्रेस करताना आपल्या दोन मुठींमध्ये अंतर असते साधारण ५० सेंटिमीटर. तेव्हा तरफेच्या नियमाने उजव्या टोकाला लावलेले अर्धा किलो वजन उजव्या हातावर सुमारे एक किलो भार वाढवते आणि डाव्या हातावरचा भार उलट अर्ध्या किलोहून थोडा अधिक कमी करते. दोन हातांतला फरक दीड किलोच्या पुढे जातो. बार तिरका होतो, तो सावरण्यासाठी कंबर वाकते, आणि वाढवले काय हेच कळेनासे होते. सेट पालटून केल्याने हा दोष दोन्ही बाजूंना वाटला जातो, मिटत नाही. त्या चकतीच्या वजनाचीच वाळूची ट्यूब भरून दुसऱ्या बाजूला लावावी. दोन्ही बाजूंची वजने दिसायला सारखी नसली तरी चालतात, काट्यावर सारखी असली पाहिजेत.

प्रश्न (लातूर) : मी व्यायामशाळा चालवतो. आपला सल्ला वाचून मी कुतूहलाने आमच्या प्लेट भुसार दुकानातील काट्यावर टाकल्या. २० किलोची एक प्लेट १९.४ भरली, दुसरी २०.३. प्लेटमध्येच जर नऊशे ग्रॅमचा फरक असेल, तर पाव किलोच्या कड्यांचे हे सोवळे कशासाठी?

उत्तर : या सर्व पत्रांतील हा सर्वांत मार्मिक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर नीट समजून घेतले नाही तर वरचे सगळे लिहिणे वाया जाईल. 

स्पर्धेत वापरायच्या प्लेटबाबत आंतरराष्ट्रीय वेटलिफ्टिंग महासंघाचा नियम असा आहे की पाच किलोहून जड प्लेट छापील वजनापेक्षा ०.१ टक्क्याहून जड किंवा ०.०५ टक्क्याहून हलकी असता कामा नये. म्हणजे २० किलोच्या प्लेटला वर २० ग्रॅम आणि खाली १० ग्रॅम एवढीच मुभा. असे साहित्य महाग असते आणि तालुक्याच्या व्यायामशाळेने ते घ्यावे अशी अपेक्षाही नाही. स्पर्धेत ही काटेकोर वृत्ती का लागते, हे मात्र अलीकडच्या दोन निकालांतून दिसते. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलले आणि सुवर्ण गेले २४९ किलो उचलणाऱ्याकडे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४९ किलो गटात मीराबाई चानूचे १९९ किलो झाले आणि कांस्यपदक २०० किलोला गेले. वेटलिफ्टिंगमध्ये २००५ पासून बारवरचे वजन एका किलोच्या पटीत वाढवता येते. त्यापूर्वी, विक्रमाचे प्रयत्न वगळता, ते अडीच किलोच्या पटीत वाढत असे.

आपल्या व्यायामशाळेत पदके वाटायची नाहीत, त्यामुळे प्लेट खरोखर २० किलोची आहे की १९.४ ची, याला महत्त्व नाही. महत्त्व याला आहे की सोमवारी जी प्लेट लावली तीच गुरुवारी लावली गेली की नाही. प्लेटमधली चूक रोज तीच राहिली, तर तिच्यावर चढवलेले अर्धा किलो हे खरेच अर्धा किलो असते. चूक रोज बदलत असेल, तर एखादा मुलगा कड्या लावून वजन वाढवल्याच्या आनंदात असतो आणि प्रत्यक्षात त्याने मागच्या वेळेपेक्षा चारशे ग्रॅम कमीच उचललेले असते. प्रगती थांबली किंवा एकदम उसळली, अशा ज्या तक्रारी आपल्याकडे येतात, त्यांतल्या काहींचे मूळ प्लेटच्या ढिगाऱ्यात असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

तेव्हा आपण काटा गाठलाच आहे, तर काम पूर्ण करावे. प्रत्येक प्लेटच्या मागच्या बाजूला तिचे खरे वजन ऑइल पेंटने लिहावे. वजने जुळणाऱ्या प्लेटच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीला एका रंगाचा ठिपका द्यावा. वर लिहिलेल्या आपल्या दोन प्लेट एकाच बारवर समोरासमोर कधीच येऊ नयेत. भुसार दुकानातला मोठा काटा पन्नास-शंभर ग्रॅमच्या टप्प्याने आकडे दाखवतो, तो प्लेटसाठी ठीक आहे; कड्यांसाठी मात्र ग्रॅम दाखवणारा लहान काटाच हवा. असा काटा घरचा असेल आणि त्याच्यावर भरवसा नसेल, तर रिकाम्या बाटलीचे वजन आधी करून मग तीत मापाने मोजलेले एक लिटर पाणी भरावे. आकडा एक किलोने वाढला तर काटा कामाचा आहे. गावातल्या सोनाराकडून तपासून घेण्यासही कोणी नाही म्हणत नाही, फक्त गर्दीची वेळ टाळावी.

प्रश्न (नांदेड) : दर आठवड्याला अर्धा किलो वाढवला तर वर्षाला २६ किलो होतात. म्हणजे आज ३० किलोचा प्रेस करणारा वर्षाने ५६ किलोचा करील, असे समजायचे का?

उत्तर : कागदावर होय, प्रत्यक्षात नाही. काही आठवडे सलग वाढ होते, मग एखादा आठवडा अडतो, आणि असे अडणे जसजसे वजन वाढते तसतसे वारंवार येते. लहान टप्प्याचा फायदा एवढाच की अडण्याची वेळ पुढे ढकलली जाते आणि अडले तरी आपण नेमके कोठे अडलो ते समजते. पाच किलोंच्या उड्या मारणाऱ्याला ३५ जमते आणि ४० जमत नाही, एवढेच ठाऊक असते; आपली खरी मर्यादा ३७ आहे की साडेअडतीस, हे त्याला कधीच कळत नाही.

एकाच वजनावर लागोपाठ तीन वेळा ठरलेल्या रेप्स पूर्ण झाल्या नाहीत, तर साधारण दहा टक्के वजन उतरवून पुन्हा त्याच लहान पायऱ्यांनी वर यावे. त्याआधी झोप आणि जेवण तपासावे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याच्या शेडमधल्या व्यायामशाळेत दुपारी अडलेल्या सेटवरून काही अनुमान काढू नये. पहाटे तोच सेट करून पाहावा.

लहान वजने मिळेपर्यंतही प्रगती थांबवून ठेवण्याचे कारण नाही. वजन तेच ठेवून आठ रेप्सपासून बारापर्यंत जावे, बारा झाल्या की वजन वाढवून पुन्हा आठवर यावे. आपल्या तालमींत पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आले आहे, कारण दगडी नालाचे, म्हणजे तालमीत उचलायच्या जड दगडाचे, वजन काही वाढवता येत नाही, वाढवता येते ती उचलण्याची संख्या, जोर-बैठकांचेही तसेच. वजन मोजून आणि क्रमाने वाढवण्याची पद्धत वैद्यकशास्त्रात रुजवली ती थॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांचे अशक्त झालेले पाय त्यांनी जड वजनांच्या व्यायामाने पुन्हा कामाला लावले आणि १९४५ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. रुग्ण दहा वेळा जेमतेम उचलू शकेल, असे वजन आधी शोधून काढायचे आणि ताकद वाढेल तसा तो आकडा वाढवत न्यायचा, ही त्यांची रीत आजही सर्वत्र वापरली जाते.

यासाठी एक वही ठेवावी. तारीख, वजन, कड्या किती, प्लेटच्या जोडीचा रंग आणि रेप्स इतकेच लिहावे. मोबाइलमध्ये लिहिले तरी हरकत नाही, पण खडूच्या भुकटीने भरलेल्या हातांनी वहीच सोपी पडते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न (उमरगा, जि. धाराशिव) : जुन्या बॅटरीतले शिसे वितळवून साच्यात ओतले तर लहान आकारात जास्त वजन मिळेल. तसेच जुन्या स्पीकरचे लोहचुंबक प्लेटला चिकटवले तर चालेल का?

उत्तर : पहिल्याला स्पष्ट नकार. शिशाची वाफ आणि धूळ शरीरात साठत जाते, लहान मुलांच्या मेंदूला तिचा विशेष धोका असतो, आणि बॅटरी फोडताना सांडणारे आम्ल वेगळेच. आयते ओतलेले शिसे कोणी देऊ केले तरी रोज घामाच्या हातांनी हाताळायच्या वस्तूसाठी ते घेऊ नये. वाचणारी जागा चार बोटांची, आणि लहान वजनांच्या बारवर जागा तशीही भरपूर असते.

दुसऱ्याला होय, दोन अटींवर. ही काळी गोल चुंबके बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) उघड्या प्लेटला पक्की धरतात, रबर किंवा प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या प्लेटला मात्र धरत नाहीत. ती ठिसूळ असतात आणि डेडलिफ्टचा (जमिनीवरून उचलून उभे राहण्याच्या व्यायामाचा) बार जमिनीला टेकताना बसणाऱ्या हादऱ्याने सरकतात किंवा फुटतात, म्हणून ती प्रेससारख्या व्यायामापुरतीच वापरावीत. हृदयात पेसमेकर बसवलेली व्यक्ती घरात असेल तर हा प्रकार करूच नये. जुन्या सामानात एकाच जोडीचे दोन स्पीकर मिळाले तर दोन्ही चुंबके जवळपास सारखी भरतात. थोडा फरक निघालाच, तर हलक्या चुंबकाला दोन-चार वॉशर लावून तो भरून काढता येतो, आणि त्यासाठी चिकटपट्टीसुद्धा लागत नाही.